डावीकडचे नारळ

२७ ऑगस्ट २००१, नवीन जालना

आज प्लास्टर काढलं. आतून निघालेला हात माझा वाटेना. बारीक, पांढुरका आणि मनगटातून खाली लोंबणारा. अंगठा हलव म्हटलं तर नुसताच विचार केल्यासारखा थरथरतो. डॉक्टर म्हणाले, शीर तुटलेली नाही, दबलेली आहे. येईल, पण तिच्याकडून काम करून घ्या. रबराचा एक चेंडू दिलाय दाबायला. म्हशीनं रस्त्यात मोटारसायकलला आडवं यायचं आणि माणसानं चेंडू दाबत बसायचं, असा हा न्याय.

संध्याकाळी आमच्या बियाणे कंपनीचे मॅनेजर साहेबराव येऊन गेले. म्हणाले, "धर्मराज, दसरा झाला की रब्बीचे दौरे सुरू. तवर गाडी चालवता आली तर एरिया तुमचाच. न्हाई आली तर वसंताला देतो, तुम्ही गोडाऊनला बसा. बसून काम हाये." मायेनं म्हणाले, त्याचाच जास्त राग आला. परतूर, आष्टी, घनसावंगी हा माझा एरिया आहे. कुठल्या शेतकऱ्याला कुठला वाण मानवतो ते मला त्याच्या अंगणात उभं राहून कळतं. ते सोडून मी पोत्यांच्या राशीला टेकून बसू? आणि मोटारसायकलचा क्लच नेमका डाव्या हातालाच असतो.

यंदा अधिक आश्विन आहे, त्यामुळे दसरा चांगला लांबलाय. पंचांगानं तरी माझी बाजू घेतली. ठरलं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि त्याच गाडीवर बसून साहेबरावांना सोनं द्यायला जायचं. सगुणाला सांगितलं. ती म्हणाली, "आधी शर्टाची बटणं तर लावा." बायको असावी तर अशी.

३१ ऑगस्ट

चेंडू हातातून सुटतो, पलंगाखाली जातो, सगुणा झाडूनं बाहेर काढते. यात व्यायाम तिचाच होतो.

शेजारच्यांच्या पोराकडं विटा रचायचा चिनी गेम आहे. ओट्यावर बसून तो खेळत होता आणि मी त्याचे अंगठे बघत बसलो. काय पळतात! बघता बघता आमचं माकड आठवलं, आणि मी उठून बसलो.

१९८६ साली आमच्या गल्लीतले लालमियाँ चाचा सौदीहून सुट्टीला आले तेव्हा पोरासाठी, माझ्या जोडीदार कमरोद्दीनसाठी, एक खेळ घेऊन आले होते. तळहातात मावणारा. वरती माकड नारळ फेकतंय, खाली टोपलीवाला झेलतोय. तीन पडले की खेळ संपला. आमच्या गावात, आष्टीत, तोवर असं काही कुणी पाहिलंच नव्हतं. खेळाला दोन बटणं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं. सोबतचा कागद इंग्रजीत. पण मला न् कमरूला शंकाच आली नाही. आमच्या दोन्ही घरांची सावड होती: त्यांचा एक बैल, आमचा एक बैल, जोडी करून आज त्यांचं रान नांगरायचं, उद्या आमचं. त्यामुळे दोन बटणं म्हणजे दोन माणसं, हे उघडच होतं. कमरू डावीकडं बसला, मी उजवीकडं. खेळही सावडीनं, एक आठवडा त्यांच्या घरी, एक आठवडा आमच्या. सगळ्या गल्लीतली पोरं तसंच जोडीनं खेळायला शिकली. एकट्याला दे म्हणणाऱ्याला आम्ही हसायचो. एका बैलानं कुणी नांगरतं का?

उन्हात खेळलं की चित्र काळं पडायचं. मग आम्ही त्याला माठाजवळ नेऊन गार करायचो, फडक्यानं वारा घालायचो. तेवढा लाड आमच्या बैलांचाही झाला नसेल.

तो खेळ पाहिजे. डावं बटण डाव्या अंगठ्यानं दाबायचं, आणि दाबलं नाही तर नारळ पडतो. चेंडूला कुठं काय पडतं?

अडचण एकच. खेळ कमरूकडं आहे, आणि कमरूशी बोलणं नाही. भांडण नाही, तरी बोलणं नाही. कामासाठी आष्टीला मी जातो, पण त्याच्या वेल्डिंगच्या दुकानाकडं वर्षानुवर्षं फिरकलो नाही. गेल्या मे महिन्यात परतूरच्या बाजारात तो समोर आला. मी हात वर केला. त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं आणि पुढं निघून गेला. अपघात झाल्यावर निम्मी आष्टी दवाखान्यात येऊन गेली, हा पठ्ठ्या आला नाही. अशा माणसाकडं मागायला जायचं जिवावर येतंय. पण जाणार. हात माझा आहे.

२ सप्टेंबर

गेलो आणि आलो. खेळ मिळाला.

कमरू दुकानापुढच्या लिंबाखाली टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. धाकटा भाऊ वेल्डिंग करत होता, हा मालकासारखा पाठ करून बसलेला. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो.

"कोण हाये?" तो म्हणाला.

"आता ओळखत पण न्हाईस का?"

आवाज ऐकून तो उठला. "धर्मा? कवा आल्तास?" त्यानं माझा खांदा धरला, तिथून हात चाचपत खाली मनगटापर्यंत आला. डॉक्टरनंही एवढा तपासला नव्हता. "हाच का रे हात?"

"दवाखान्यात काहून आला न्हाईस?" मी विचारूनच टाकलं.

"येणार होतो. जमलं न्हाई."

बस्स, एवढंच.  मग आत नेऊन स्वतः चहा ओतला, तो बशीतून वाहून माझ्या पँटीवर. त्याची बायको शहाजादी लगबगीनं आली आणि किटली त्याच्या हातातून घेतली. माणूस सेठ झाला की चहा ओतायचाही विसरतो.

खेळाचं नाव काढलं तसा मात्र हसला. "माकड? हाये की. अम्मीच्या संदुकीत." लाइट नुकतीच गेलेली, आतली खोली अंधारी गुडूप; तरी गेला आणि क्षणात घेऊन आला. कंदील नाही, काडी नाही. वस्तू जागच्या जागी ठेवायची चाचांची शिस्त त्यानं राखलीय म्हणायची. खेळ अम्मीच्या, म्हणजे खैरुनबी चाचीच्या, जुन्या ओढणीत गुंडाळलेला होता. माझ्या हातात देताना म्हणाला, "एकट्याला खेळता येतो का रे ह्यो?"

"बघतो," मी म्हणालो.

शहाजादी स्टँडच्या वाटेवर थोडं सोबत आली. "धर्माभाई, जालन्यात मोतीबिंदूचा चांगला दवाखाना कोणता हाये?"

"चाचीला दाखवायचं का? कवाबी घेऊन या, मी बराबर करतो."

ती खाली बघून म्हणाली, "हां. आणते." म्हाताऱ्या सासूची एवढी काळजी करणारी सून बघून बरं वाटलं. कमरूला मात्र आईचं काही पडलेलं दिसत नाही.

४ सप्टेंबर

स्टेशन रोडच्या घड्याळवाल्यानं आतला गंज घासला, बटणासारखे दोन सेल बसवले, आणि माकड उभं राहिलं. चित्राच्या कोपऱ्यात शाईसारखा डाग पसरलाय, एक नारळ कायमचा हवेत अडकलाय, पण आवाज तोच. टिक, टिक. घड्याळवाल्यापुढं माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं, हात दुखतोय.

घरी येऊन खेळलो. उजवीकडचे सगळे झेलले. डावीकडचे सगळे पडले.

अंगठा अशक्त आहे हे खरं. पण दुसरंही आज ध्यानात आलं. मी आयुष्यात डावं बटण कधी दाबलेलंच नाही. डावीकडून नारळ आला की मन म्हणतं, तो कमरूचा.

१६ सप्टेंबर

मनगट टेबलावरून उचललं गेलं. दोन बोटं आत जातील एवढी फट. सगुणाला बोलावून दाखवली. तिनं खाली वाकून फटीतून बघितलं आणि म्हणाली, "पलीकडचं दिसायला लागलं." तिला मी एवढा खूश बऱ्याच दिवसांनी दिसलो असेन.

खेळात मात्र प्रगती नाही. अंगठा आता दाबतो, पण उशिरा. नारळ पडून गेल्यावर दाबतो. सगुणा म्हणते, "डावी बाजू त्या कमरूभाईंची होती ना? मग त्यांनाच विचारा, कसं दाबायचे ते." मी म्हणालो, त्याच्यापुढं किती वेळा हात पसरू? ती म्हणाली, "तुमचा पसरतोय कुठं अजून?"

२३ सप्टेंबर

अधिक महिना म्हणून सासूबाईंनी धोंड्याचं जेवण ठेवलं होतं. तिथलं आवरून तसाच आष्टीची बस धरली.

चाची दारात तांदूळ निवडत होती. एकेक खडा अचूक उचलत होती. नजर तर अजून चांगली दिसते. शहाजादी उगाच घाबरते.

कमरूला खेळ दाखवला. त्यानं हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि चित्राकडं न बघताच परत दिला. "तुझ्याकडंच धर. तू उजवीकडं, मी डावीकडं, चल."

पंधरा वर्षांनी आम्ही खेळायला बसलो. आणि मी काय सांगू? कमरूचा एक नारळ पडला नाही. वेग वाढत गेला, माझा उजवा अंगठा दमला, त्याचा नाही. आणि सगळा वेळ हा गडी रस्त्याकडं तोंड करून. खेळाकडं बघायचीसुद्धा तसदी नाही. एवढा माज बरा नव्हे, असं मनात आलं. तरी हसू आवरेना. लहानपणीचा आमचा सगळ्यात मोठा आकडा आम्ही मागं टाकला. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा त्यानं माझी पाठ एवढ्या जोरात ठोकली की चाची रागावली.

"कसं जमतं रे तुला?" मी विचारलं.

"तू बघत बसतूस. बघून दाबलं की येळ होतो. कानानं खेळ. डावीकडचा जाड वाजतो, उजवीकडचा बारीक. वाजला की दाब."

लहानपणापासून खेळ माझ्या कानाशी आहे आणि हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मी म्हटलं, जालन्याला ये एक दिवस, मुक्कामाला राहा. तर म्हणाला, "नको. सांज झाली की मला बाहीर पडायचं जमत न्हाई आजकाल." नवीन लग्न झाल्यासारखं बोलतो.

३० सप्टेंबर

कानानं खेळतोय. फरक आहे. जाड आवाज आला की अंगठा आपसूक खाली जातो. मनगट आता कोपराच्या रेषेत येतं. उभ्या गाडीवर बसून क्लच दाबायचा प्रयत्न केला, अर्ध्यात येऊन सुटला. सुटू दे. काल अर्ध्यापर्यंतही येत नव्हता.

गोडाऊनसमोरून जाताना वसंता भेटला. माझ्या गाडीचं ॲव्हरेज विचारत होता. त्याला म्हटलं, गाडी विकायची नाही.

७ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायला हात जड झालाय. उजवासुद्धा.

दुपारी ओट्यावर बसून खेळत होतो. बघायची खोड मोडावी म्हणून डोळे गच्च मिटून. डावीकडचा एकही पडला नाही, उजवीकडचाही नाही. सगुणा धान्य वाळत घालत होती. म्हणाली, "आंधळ्यावानी काय खेळताय?"

मी डोळे उघडले आणि माकडाकडं बघतच राहिलो. तीन नारळ लागोपाठ पडले.

समोर उभा असताना "कोण हाये?" बशीबाहेर गेलेला चहा. अंधाऱ्या खोलीत लागली नाही ती काडी. सांज झाली की बाहेर पडायचं जमत नाही. परतूरच्या बाजारात माझ्याकडं सरळ बघणारे ते डोळे. आणि शहाजादीनं कुणासाठी दवाखाना विचारला होता? तांदळातला खडा खडा उचलणाऱ्या चाचीसाठी?

सगुणाला सगळं सांगितलं. तिनं धान्य पसरायचं थांबवलं. मग म्हणाली, "तुम्हाला एवढ्या उशिरा कळलं?" मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पण रडून कुणाचा हात सुधारत नाही आणि कुणाचे डोळेही. रविवारी आष्टी.

१४ ऑक्टोबर

दुकानामागच्या भिंतीशी त्याला घेऊन बसलो आणि सरळ विचारलं, "कमरू, तुला दिसत न्हाई ना?"

"शहाजादीनं सांगितलं?"

"तिनं काय सांगितलं न्हाई. तू माकडाकडं न बघता खेळत व्हतास."

तो मातीत बोट फिरवत राहिला. "धुकं हाये नुसतं. उजेडात जास्ती. माणूस दिसतंय, कोणतं ते कळत न्हाई. गल्लीत कुणाला सांगू नको. वेल्डरची नजर गेली म्हणलं की उद्यापासून ट्रॉली घेऊन कोण येईन? धाकट्याचा हात अजून बसला न्हाई. मी वास घेऊन, आवाज ऐकून त्याला सांगतो, टाका कच्चा की पक्का. हे किती दिवस चालंल?"

"मंग दवाखान्यात काहून गेला न्हाईस?"

"गेलो न् म्हणले, कामातून गेली नजर, तर? आता निदान कोणी म्हणलं न्हाई."

 मी म्हणालो, मीही प्लास्टर काढायला घाबरतच गेलो होतो. म्हणालो, बसनं चल, मी सोबत आहे. तो नाहीच म्हणाला. स्टँडवर, बसमध्ये सगळा गाव असतो. ठेचकाळत चढताना बघितलं की बोभाटा होणार. शेवटी माझा डावा हात त्यानं उचलला आणि सोडून दिला. तो थोडा वरच राहिला, मग पडला.

"तू तुझ्या गाडीवर न्यायला ये," कमरू म्हणाला, "मंग येतो. बिलकुल येतो."

त्याला वाटलं, सुटलो. मी म्हणालो, "दसरा झाला की पहिल्याच सोमवारी. तयार राहा."

निघताना शहाजादी दाराशी उभी होती. मी नुसती मान हलवली. तिनं पदर डोळ्याला लावला.

१९ ऑक्टोबर

माकड सकाळी, चेंडू दुपारी, क्लच संध्याकाळी. डॉक्टर म्हणाले, जास्त ताण देऊ नका. मी हो म्हणालो.

२२ ऑक्टोबर

क्लच पूर्ण दाबला गेला. धरून ठेवता येत नाही, पण दाबला गेला. मैदानात गाडी चालवली. सगुणा कडेला उभी राहून देवाचं नाव घेत होती, गाडी बंद पडली की हसत होती. बरेचदा हसली.

२६ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. चेंडू आणि माकडही पूजेला मांडलं. सगुणानं माकडाला हळदीकुंकू वाहिलं, आणि थट्टा न करता वाहिलं.

मग गाडीवर बसून साहेबरावांच्या दारात. सोनं दिलं. त्यांनी आधी माझ्याकडं, मग गाडीकडं बघितलं, मग पुन्हा माझ्या हाताकडं. म्हणाले, "सोमवारी कुठून सुरुवात करता?"

"आष्टीहून," मी म्हणालो.

घराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत हात बधिर झाला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. गावातल्या गावात एवढं, तर आष्टीहून जालना किती लांब आहे?  पण जायचं आहे.

२९ ऑक्टोबर

पहाटे उजाडायला निघालो. जाताना रस्ता मोकळा होता, गिअर फारसे बदलावे लागले नाहीत. आष्टीतल्या दुकानदारांना गव्हा-हरभऱ्याचे नमुने दिले आणि कमरूच्या दारात हॉर्न वाजवला. तो इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. म्हणजे आतून त्याला माझा भरवसा होता. शहाजादी बसनं पुढं गेली होती.

"गाडी तुझीच न्?" त्यानं टाकी चाचपून विचारलं.

"बस मागं."

वाटूर फाट्यापर्यंत ठीक चाललं. पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. थांब, हळू, पुन्हा निघ. प्रत्येक वेळी क्लच. बोटं आधी झिणझिणली, मग कळेनाशी झाली. एका गाडीच्या मागं क्लच सुटलाच. गाडी हिसका खाऊन बंद पडली आणि मागच्या जीपवाल्यानं शिव्या घातल्या. मी कडेला घेतली. हात मांडीवर पडून राहिला. एवढं सगळं करून अर्ध्या वाटेत हरलो, असं वाटलं आणि तसं मी कमरूला बोलूनही दाखवलं.

तो मागून सरकून जवळ आला, डावा हात माझ्या बगलेखालून पुढं काढला, दांडी चाचपली, आणि माझ्या बोटांवर त्याची बोटं ठेवली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी खरबडलेली, गरम.

"तू म्होरं बघ," तो म्हणाला. "गिअरचा पाय टाकायच्या आधी रेस कमी करशीन न्? मला ऐकू येतंय इंजिन. चल."

पहिल्यांदा दचके बसले. मग मी रेस सोडायचो आणि त्याच क्षणी त्याची बोटं मिटायची. मी सांगायची गरज राहिली नाही. बैलगाड्यांच्या रांगेतून, रामनगरच्या बाजारातून, उड्डाणपुलाखालच्या गर्दीतून आम्ही असे आलो. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो. माझे डोळे, माझा उजवा, त्याचा डावा.

दवाखान्यात गर्दी. शहाजादीनं नंबर लावून ठेवला होता. कमरूचा पाय सारखा हलत होता. मी खिशातून माकड काढलं. तो डावीकडं सरकला, मी उजवीकडं. शेजारची म्हातारी म्हणाली, टकटक बंद करा रे. आम्ही ऐकलं नाही. डाव रंगात आला आणि नेमकं तेव्हा आतून नाव पुकारलं.

कमरू उठला. अंगठा बटणावरून काढताना म्हणाला, "बंद पडू देऊ नको." शहाजादी त्याला हाताला धरून आत घेऊन गेली.

मग मी एकटा. डावा अंगठा बटणावर ठेवला. दिवसभराच्या क्लचनं तो थकलेला, पण जाड आवाज आला आणि खाली गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. एक नारळ पडला. दुसरा पडला. दाराकडं बघायचं नाही, असं स्वतःला बजावत राहिलो. आत काय सांगत असतील ते माझ्या हातात नव्हतं. हे होतं.

दार उघडलं. कमरू शहाजादीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आला. "पडला का?"

"दोन पडले. चालू हाये."

तो माझ्या डावीकडं बसला आणि चाचपून अंगठा बटणावर ठेवला. मी माझा काढून घेतला. शहाजादीकडं बघितलं, तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती.

"उजव्या डोळ्याचं दिवाळीच्या आत करतेत," कमरू म्हणाला. "तो बराबर येईन म्हणले. डाव्याचं काय सांगता येत न्हाई."

"डावीकडचं तुला बघायला लागतंच कुठं?" मी म्हणालो.

तो असा हसत सुटला की बाकडं हलायला लागलं. त्यात तिसरा नारळ पडला. म्हातारी म्हणाली, संपला का एकदाचा? आम्ही पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.